बिदरचा मदरसा आणि पाथरीचे कुळकर्णी

परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचे नाव अलीकडे वर्तमानपत्रांत गाजले ते साईबाबांच्या जन्मस्थानाच्या वादामुळे. याच पाथरीसाठी पाचशे वर्षांपूर्वी दोन सुलतानांच्या फौजा निघाल्या होत्या, ही गोष्ट मात्र पाथरीकरांनाही फारशी ठाऊक नसते. गाव तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होते आणि ते अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला हवे होते. पाथरीत ना हिऱ्यांची खाण, ना बंदर, ना मोक्याचा घाट. कारण अगदी घरगुती होते. निजामशहाच्या घराण्याचे पूर्वज पाथरीचे वतनदार कुळकर्णी होते, असे फरिश्ता हा इतिहासकार सांगतो. बुऱ्हाणने आधी रीतसर मागणी केली. पाथरी द्या, मोबदल्यात जास्त वसुलाचा दुसरा मुलूख घ्या, असा तो प्रस्ताव होता. इमादशहाने नकार दिला आणि बंदोबस्त वाढवला. मग १५१८ मध्ये निजामशाही फौजेने पाथरीवर अचानक झडप घातली. पुढे एकदा गाव हातचे गेले, ते पुन्हा लढून घेतले, आणि बुऱ्हाणने ते आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना देऊन टाकले.

सुलतानाचे भाऊबंद ब्राह्मण कसे? त्याची हकीकत आणखी शंभर वर्षे मागे जाते. पाथरीच्या या कुळकर्णी घराण्यातली एक शाखा गाव सोडून विजयनगरच्या राज्यात गेली होती. तिथला तिमप्पा नावाचा मुलगा बहमनी फौजेच्या हाती सापडला, बिदरला आणला गेला आणि मुसलमान झाला. मुलगा हुशार होता. सुलतानाने त्याला राजपुत्राच्या बरोबरीने शिकायला बसवले, तो अरबी-फारसीत तयार झाला आणि दरबारात एकेक पायरी चढत गेला. हाच मलिक हसन निजाम-उल-मुल्क बहिरी. त्याचा मुलगा मलिक अहमद याने १४९० मध्ये स्वतंत्र निजामशाही उभी केली आणि अहमदनगर वसवले.

मलिक हसनच्या नावावर मुलाच्या राज्यापेक्षाही मोठी एक नोंद आहे आणि ती चांगली नाही. बहमनी राज्याचा सर्वांत कर्तबगार वजीर महमूद गवान याला खोट्या पत्राच्या आधारे ठार मारण्याचा कट त्याने शिजवला. त्या वजिराने बांधलेली शाळा बिदरमध्ये आजही उभी आहे. अर्धीमुर्धी उभी आहे, असे म्हणणे जास्त बरोबर.

मराठी घरांत हे शहर पोचले ते बेदर म्हणून, दामाजीपंतांच्या गोष्टीतून. मंगळवेढ्याची सरकारी कोठारे दुष्काळात रयतेसाठी उघडणारे दामाजीपंत, रागावलेला बेदरचा बादशहा आणि महाराच्या रूपात जाऊन धान्याचे पैसे भरणारा विठ्ठल. ही गोष्ट माहीत नसलेला मराठी माणूस विरळा. पण गोष्टीतला तो बादशहा राहत होता ते शहर किती जवळ आहे, याची जाणीव कमी असते. बिदर आणि परभणी हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे आज लातूरचे तालुके तेव्हा बिदर जिल्ह्यातच मोडत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याची वाटणी झाली, बिदर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले आणि मराठी वाचकाच्या नकाशावरून जवळपास पुसले गेले. भालकी, औराद, बसवकल्याण भागात मराठी अजूनही घरोघर बोलली जाते, हा भाग वेगळा.

बिदरच्या जुन्या पेठेत मधोमध चौबारा नावाचा गोल बुरूज आहे. तिथून किल्ल्याकडे निघाले की वाटेत एक मिनार दिसतो. उंची सुमारे १३१ फूट, अंगावर निळ्या-हिरव्या-पिवळ्या चकाकत्या फरशांचे नागमोडी पट्टे. जवळ गेले की मिनाराला लागून असलेली तीन मजली भिंत दिसते, आणि ती भिंत मध्येच संपते. पुढे प्रवेशद्वार नाही, दुसरा मिनार नाही, दक्षिणेचा बराचसा भाग नाही. उरलेल्या भागातली कमान न् कमान मात्र इतकी ठाकठीक आहे, की गेलेला भाग डोळ्यांपुढे उभा करायला कष्ट पडत नाहीत.

मदरसा १४७२ मध्ये पुरा झाला. जागेचा विस्तार साधारण २०५ फूट बाय १८० फूट. मधोमध १०० फूट लांबी-रुंदीचा मोकळा चौक आणि त्याच्या चारही अंगांना तीन मजली बांधकाम. तोंड पूर्वेला. दर्शनी बाजूच्या दोन कोपऱ्यांवर दोन मिनार होते, त्यांतला ईशान्येचा राहिला. पूर्वेला मधोमध प्रवेशद्वार होते. बाकीच्या तीन बाजूंच्या मध्यभागी एकेक मोठे दालन आहे आणि ही दालने तिन्ही मजल्यांची उंची घेऊन थेट वरपर्यंत जातात. बाहेरून पाहिले तर त्या त्या ठिकाणी भिंत अर्ध्या अष्टकोनासारखी पुढे आलेली दिसते आणि तिच्या माथ्यावर घुमट असतो. दर्शनी भागात एकीकडे मशीद, दुसरीकडे ग्रंथालय अशी योजना होती. ग्रंथालयात ३००० हस्तलिखिते होती, असे सांगितले जाते. विद्यार्थ्यांसाठी ३६ खोल्या आणि शिक्षकांसाठी सहा प्रशस्त निवास, असा हिशेब अभ्यासक देतात.

या आकड्यांकडे थोडे थांबून पाहायला हवे. शिकवायची जागा, राहायची जागा, वाचायची जागा आणि नमाजाची जागा या चारही गोष्टी एका चौकाभोवती बसवल्या आहेत, आणि तरी एकीचा त्रास दुसरीला होऊ नये असा विचार दिसतो. मोठी दालने मध्यावर असल्याने तिथला पाठ चालू असताना कोपऱ्यातल्या खोल्या शांत राहतात. दालने उंच असल्याने इथल्या चैत्र-वैशाखातही वरची हवा वर तापते आणि खाली बसणाऱ्यांना जरा सुसह्य होते. खोल्यांना चौकाकडून उजेड आहे, आणि बाहेरच्या भिंतीतही तीन ओळींत कमानदार खिडक्या आहेत. म्हणजे वारा आरपार खेळतो. पर्यटक येतात आणि रंगीत फरशांपुढे उभे राहून फोटो काढतात. ते साहजिक आहे, पण या इमारतीचे खरे कौशल्य आतल्या आखणीत आहे.

आखणी इथली नव्हे, हे मान्य केले पाहिजे. समरकंदमध्ये तैमूरचा नातू उलुग बेग याने १४१७ ते १४२० या काळात बांधलेला मदरसा पाहिला तर नाते लगेच कळते. तोच चौक, त्याच चौकाभोवतीच्या खोल्या, दर्शनी कोपऱ्यांवरचे तसेच मिनार, तसेच रंगीत फरशांनी झाकलेले अंग. इराणातल्या खरगिर्दचा मदरसाही याच कुळातला, आणि तो बिदरच्या मदरशाच्या जेमतेम पाव शतक आधीचा. त्यामुळे काही अभ्यासकांना बिदरची इमारत जशीच्या तशी तिकडून उचलून आणल्यासारखी वाटते. हे मत थोडे घाईचे आहे. तिकडची वास्तू विटांची असते, इथे दगड आणि चुना आहे. तिकडच्या खोल्या बहुधा आतल्या चौकाकडेच तोंड करून असतात, बाहेरची भिंत जवळपास बंद. इथे तिन्ही मजले बाहेर उघडतात. भिंतीबाहेर आलेले ते अष्टकोनी भाग आणि त्यांवरचे घुमट ही रचनाही ठळकपणे वेगळी आहे. नमुना इराणचा, पण बांधणाऱ्यांनी हवा आणि दगड पाहून हात चालवला आहे.

एक गोष्ट मात्र त्यांनी हट्टाने तिकडचीच ठेवली. मिनाराचे सज्जे पाहा. आपल्याकडे सज्जा म्हटला की खाली दगडी घोडे आले, वजन तोललेले उघड दिसायला हवे. बिदरच्या मिनाराला घोडे नाहीत. मिनाराचे अंगच वळण घेत बाहेर फुगते आणि सज्जा होते. दगडी देवळे आणि वाडे पाहून तयार झालेल्या डोळ्याला यात काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते, आणि या जागी टीका करणारे कलासमीक्षकही आहेत. तरी उरलेला मिनार साडेपाचशे पावसाळे उभा आहे, तेव्हा गवंड्याचे गणित चुकले असे म्हणता येत नाही.

आता त्या फरशांकडे वळू. या कामाला काशीकाम म्हणतात. पांढऱ्या वाळूसारख्या गारगोटीच्या भुकटीची फरशी बनवायची, तिच्यावर काचेचा लेप द्यायचा आणि भट्टीत भाजायची. रंग येतो तो लेपात मिसळलेल्या धातूंच्या भस्मांतून. कोबाल्टने गडद निळा, तांब्याने हिरवट निळा. सर्वांत कठीण प्रकारात प्रत्येक रंगाची फरशी वेगळी भाजतात, मग नक्षीतले पान, देठ, अक्षराचा फाटा छिन्नीने कापून काढतात आणि ते तुकडे शेजारी शेजारी चुन्यात बसवतात. हे हात दख्खनचे नव्हते. कारागीर इराणातून आले. बिदरच्या किल्ल्यातल्या रंगीन महालात आणि अष्टूरच्या सुलतानी कबरींवरही असे काम आहे, पण एवढ्या मोठ्या भिंतीवर, भर रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असे ते फक्त मदरशावर होते. दर्शनी भिंतीच्या माथ्यावर कुराणातल्या वचनाची भली थोरली अक्षरपट्टी धावते. ती लिहिणाऱ्या सुलेखनकाराचे नावही टिकले आहे, अली अल-सूफी.

काशीकामाचा शत्रू म्हणजे पाणी. इराणच्या कोरड्या पठारावर जे काम शतकानुशतके टिकते त्याला आपला आषाढ-श्रावण सोसत नाही. फरशीमागचा चुना ओल धरतो, मग सुटतो आणि एकेक तुकडा गळतो. बांधणाऱ्यांना ओलीची कल्पना होती. पायात शिशाचे पत्रे घातले होते, ते जमिनीतला ओलावा वर चढू नये म्हणून, असे या इमारतीचे वर्णन करणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. पायातून येणारे पाणी अडवले, आभाळातून येणारे कसे अडवणार? आज दर्शनी भिंतीचा बराच भाग उघडा आहे आणि रंग ठिकठिकाणी तुकड्यातुकड्यांनी राहिला आहे.

हे सगळे उभे करणारा माणूस मूळचा व्यापारी. कास्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतात १४११ च्या सुमारास महमूदचा जन्म झाला. घराणे तिथल्या दरबारातले, पण राजकारण अंगावर आले म्हणून त्याने देश सोडला आणि व्यापार धरला. १४५३ च्या सुमारास तो कोकणात दाभोळ बंदरात उतरला. वय चाळिशीच्या पुढे. बिदरला जाऊन एका सूफी सत्पुरुषाला भेटावे आणि पुढे दिल्लीकडे जावे, असा बेत होता. पण सुलतान अलाउद्दीनने त्याला ठेवून घेतले आणि तो जन्मभर इथलाच झाला. १४६१ मध्ये गादीवर लहान मुलगा आला तेव्हा राजमाता नर्गिस बेगम आणि दोन वजीर अशा तिघांनी राज्य चालवले. त्या दोन वजिरांत एक महमूद गवान होता. दुसरा लवकरच मारला गेला आणि १४६६ पासून राज्याचा सगळा भार गवानवर आला.

मराठी मुलखाशी त्याची पुढची ओळख तलवारीची आहे. पूर्वी विशाळगडाच्या रानात बहमनी फौजेची वाताहत झाली होती. तिथल्या शिर्के घराण्याने त्या फौजेला आडवाटेने नेऊन कापून काढले होते. ते शल्य काढायला गवान १४६९ मध्ये कोकणात उतरला, संगमेश्वर आणि खेळणा म्हणजे विशाळगड घेतला आणि १४७२ च्या फेब्रुवारीत गोवा जिंकून परतला. म्हणजे बिदरमध्ये मदरशाच्या भिंती चढत होत्या त्या काळात मालक तीन वर्षे सह्याद्रीच्या पावसात होता. तिथून त्याने लिहिलेली पत्रे ‘रियाज-उल-इन्शा’ या त्याच्या पत्रसंग्रहात आहेत. पत्रलेखन हा त्याचा खास विषय होता. त्यावर त्याने ‘मनाजिर-उल-इन्शा’ नावाचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. इराणातल्या विद्वानांशी त्याचा पत्रव्यवहार चाले. थोर कवी जामी याला त्याने बिदरला बोलावले होते. जामी आला नाही, पण दोघांचा पत्रांचा स्नेह राहिला. एवढ्या लांबून येऊन राहण्याइतकी मोठी शाळा त्याला इथे करायची होती, हे या आमंत्रणांवरून कळते.

फरिश्त्याने याच वर्षांतला एक प्रसंग दिला आहे. कोकणच्या विजयानंतर सुलतान खुद्द गवानच्या घरी आठवडाभर पाहुणा राहिला, राजमातेने त्याला भाऊ म्हटले. पाहुणे गेल्यावर गवानने स्वतःला कोंडून घेतले, भरजरी कपडे उतरवले आणि रडला. मग विद्वानांना आणि गरिबांना बोलावून साठवलेले सगळे धन वाटून टाकले. पुस्तके, हत्ती आणि घोडे तेवढे ठेवले. कारण विचारल्यावर त्याने सांगितले की मोठेपणाने आपले मन बिघडू लागले होते. पुस्तके विद्यार्थ्यांची आहेत आणि हत्ती-घोडे सुलतानाचे, ती वाटायचा आपल्याला अधिकार नाही. दरबारी इतिहासकार आवडत्या माणसाला थोडे चढवूनच रंगवतात, हे धरून चालले तरी पुस्तकांचा हा हिशेब मदरसा बांधणाऱ्याला शोभणारा आहे.

त्याच सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौल, जुन्नर करत बिदरला पोचला होता. त्याने इथले उमराव आणि त्यांच्या चांदीच्या पालख्या पाहिल्या, तशीच खेड्यांतली अतिशय गरीब रयतही पाहिली, आणि दोन्ही लिहून ठेवले. मदरशाचे कौतुक करताना निकितिनची ही नोंद शेजारी ठेवलेली बरी. गोदाकाठच्या शेतकऱ्याचे पोर या चौकात शिकायला आले असते, असे समजण्यात अर्थ नाही. फारसी दरबाराला लागणारी माणसे तयार करणारी ही शाळा होती. पाथरीच्या घराण्यातला तिमप्पा शिकला तोही वाड्यात, कैदेतून.

आणि या दोन शिकलेल्या माणसांची गाठ पडली. बहमनी दरबारात तेव्हा उघड दोन फळ्या होत्या. एक दख्खनी, म्हणजे इथे पिढ्यान्‌पिढ्या असलेले किंवा इथूनच वर आलेले. दुसरी आफाकी, म्हणजे इराण-तुराणातून आलेले. गवान दुसऱ्या गटातला, मलिक हसन पहिल्यातला. तोल साधायचा म्हणून गवानने मोठ्या जागा दोन्हीकडे वाटल्या. पण त्याने आणखी एक काम केले आणि ते सर्वांनाच झोंबले. राज्याचे चार सुभे होते त्यांचे त्याने आठ केले. तेलंगणाचे राजमहेंद्री आणि वरंगळ, वऱ्हाडचे गाविलगड आणि माहूर, असे तुकडे पाडले. एका सुभेदाराकडे एकच किल्ला ठेवला, बाकीचे थेट सुलतानाच्या ताब्यात घेतले. जमिनीची मोजणी सुरू केली. जितके स्वार कागदावर तितके प्रत्यक्ष नसतील तर तेवढा पैसा परत मागितला. मलिक हसनला सगळा तेलंगण हवा होता. त्याच्या वाट्याला अर्धाच आला.

पुढचे थोडक्यात सांगता येते. गवानच्या चिटणिसाला दारू पाजून त्याच्याकडून कोऱ्या कागदावर वजिराची मोहर उठवून घेतली. कागदावर ओरिसाच्या राजाला राज्यावर चाल करून यायचे आमंत्रण लिहिले. सुलतान मुहंमद तिसरा नशेत असताना ते पत्र त्याला दाखवले. ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडापल्लीच्या छावणीत सुलतानाने गवानला समोर बोलावले आणि तिथेच त्याचे डोके उडवायचा हुकूम दिला. वय सत्तरीचे. मोहर माझी आहे, मजकूर माझा नाही, एवढेच त्याने सांगितल्याची नोंद आहे. जप्तीला गेलेल्यांना त्याच्या खासगी खजिन्यात फक्त ३०० लाऱ्या मिळाल्या. लारी हे किनाऱ्यावर चालणारे चांदीचे किरकोळ नाणे. वर्ष पुरे व्हायच्या आत, मार्च १४८२ मध्ये, सुलतानही गेला. मलिक हसन पाच वर्षे सत्ताधीश होता आणि १४८६ मध्ये त्याच बिदरमध्ये मारला गेला. गवानच्या खुनाने बिथरलेल्या सुभेदारांनी आपापल्या वाटा धरल्या आणि एका राज्याची पाच झाली.

पाथरीच्या भाऊबंदांना गाव मिळवून देणारा बुऱ्हाण याच मलिक हसनचा नातू. मराठवाड्यातल्या माणसाने या गोष्टीत कुणाची बाजू घ्यावी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ‘परदेशी गवान आणि आपला मलिक हसन’ अशी मांडणी करता येते, पण ती टिकत नाही. गवानने इथे मोजणी आणि शाळा आणली. हसनच्या घराण्याने पुढे मराठा सरदारांना वर यायला वाव दिला. तरी खोटे पत्र ते खोटे पत्रच.

मदरसा मात्र चालू राहिला. फरिश्ता लिहितो तेव्हा, म्हणजे इमारतीला जवळपास दीडशे वर्षे झाल्यावर, ती आत्ताच बांधून झाल्यासारखी स्वच्छ आणि सुंदर होती. बिदरवर आधी बरीदशाही आली, १६१९ मध्ये आदिलशाही आली, तरी इमारतीला धक्का लागला नाही. धक्का बसला तो मुघलांच्या काळात. १६५७ च्या मार्चमध्ये औरंगजेबाने बिदरचा किल्ला घेतला. २७ दिवसांच्या वेढ्यानंतर बुरुजाजवळच्या दारूसाठ्यावर ठिणगी पडली आणि म्हातारा किल्लेदार सिद्दी मरजान त्यात होरपळला. या अनुभवानंतर तरी दारूची कोठारे नीट जागी ठेवायची. पण विजेत्यांनी मदरशाच्या खोल्यांत घोडेस्वारांची पलटण उतरवली आणि खोल्यांतच बंदुकीची दारू साठवली. १६९६ मध्ये स्फोट झाला. प्रवेशद्वार, दक्षिणेचा मिनार आणि त्या बाजूचे बरेचसे बांधकाम एकाच दणक्यात गेले. वीज पडली असे एक वर्णन सांगते, साठ्याने पेट घेतला असे दुसरे. दोन्ही एकाच वेळी खरे असायला काहीच हरकत नाही. नुसत्या विजेने तीन मजली दगडी बांधकाम असे उखडले जात नाही.

यात एक विचित्र योग आहे. दख्खनमध्ये वेढ्यात सुरुंग लावून तट उडवण्याची विद्या पहिल्यांदा चालली ती १४७२-७३ च्या बेळगावच्या मोहिमेत, असे फरिश्ता म्हणतो. ती मोहीम गवानची होती आणि मदरसा पुरा झाला ते वर्षही तेच.

पुढे इमारतीची दखल घेतली गेली ती निजामाच्या राज्यात. हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याचे पहिले संचालक गुलाम यझदानी यांनी बिदरच्या वास्तूंची मोजमापे घेतली, शिलालेख वाचले, पडझड सावरली आणि १९४७ मध्ये बिदरवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आज मदरशाविषयी जे मोजून-मापून सांगता येते त्यातले पुष्कळसे त्यांच्या कामावर उभे आहे. आता वास्तू केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. बिदरच्या बहमनी वास्तू २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. संभाव्यच, अजून पक्क्या नाहीत.

परभणी जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली वेरूळला जातात, देवगिरीला जातात, औंढ्याला जातात. बिदर त्या यादीत क्वचितच असते. वास्तविक परभणीहून गंगाखेड, परळी, उदगीर, भालकी असा सरळ रेल्वेमार्ग बिदरला जातो आणि स्थानकापासून मदरसा शहरातच आहे. नेणाऱ्या शिक्षकांनी मुलांना आधी रंगीत भिंतीपुढे उभे न करता थेट चौकात न्यावे, एका उंच दालनात बसवावे आणि तिथेच एक तास घ्यावा. नंतर गावाबाहेर गोरनळ्ळीजवळ असलेली गवानची साधी कबरही दाखवावी आणि पाथरीच्या कुळकर्ण्यांची हकीकत सांगावी. पाठ्यपुस्तकात बहमनी राज्य जेमतेम दोन-चार परिच्छेदांत आटपते. बाकीचे तिथे जाऊनच शिकवावे लागेल.